सभेच्या नोटिशींचे काही मेल लगेच परत आले, काही पाच दिवसांनी, आणि शाखांच्या यादीतून एकही परत आला नाही

शाखा_संगणक

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर असून त्यावर डेबियन ही संगणक-प्रणाली आणि पोस्टफिक्स हा मेल पोहोचवणारा प्रोग्राम आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस यंदा प्रथमच टपालासोबत ई-मेलनेही पाठवायची असे संचालक मंडळाने ठरवले. ज्यांनी ई-मेल पत्ता दिला आहे अशा सुमारे अकराशे सभासदांना आम्ही ती पाठवली. मुख्य कार्यालयाच्या यादीतील सहाशे मेल माझ्या सहकाऱ्याने थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममधून गटागटाने पाठवले. दोन शाखांच्या याद्यांतील पाचशे मेल आमच्या पीएचपी या संगणक-भाषेत लिहिलेल्या सभासद-प्रणालीतून गेले.

थंडरबर्डमधून पाठवलेल्यांपैकी एकोणतीस मेल दोन-तीन मिनिटांत परत आले. आणखी अकरा मेल थेट पाचव्या दिवशी परत आले, आणि तोवर त्या सभासदांना नोटीस मिळाली असे आम्ही गृहीत धरून बसलो होतो. शाखांच्या यादीतून मात्र एकही मेल परत आला नाही, म्हणून त्या दोन्ही याद्या बिनचूक आहेत असे मी व्यवस्थापकांना लेखी कळवले. आता त्याच शाखांचे सभासद काउंटरवर येऊन नोटीस मिळाली नसल्याचे सांगत आहेत.

याखेरीज एक वेगळाच त्रास आहे. संस्थेच्या चौकशीच्या पत्त्यावर रोज रात्री चाळीस-पन्नास ‘मेल पोहोचला नाही’ असे अहवाल येतात, आणि त्यांतील मूळ मेल आम्ही कधीच पाठवलेले नसतात. ते औषधांच्या जाहिरातींचे असतात, पण पाठवणाऱ्याच्या जागी आमचा पत्ता असतो. त्यातच, दुसऱ्या जागी ठेवलेल्या आमच्या राखीव मेल सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून नको ते अहवाल बाहेर जात असल्याची तक्रार सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून आली आहे.

सहकाऱ्याचे म्हणणे आहे की असे सर्व अहवाल आल्याबरोबर खोडून टाकणारा फिल्टर लावावा, आणि आपल्या डोमेनवर चुकीच्या नावाने येणारे मेलही एकाच डब्यात (मेलबॉक्समध्ये) घ्यावेत, म्हणजे कोणालाच काही परत जाणार नाही. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पोस्टमास्टर_नाशिक

शाखा_संगणक सर, तुमची शंका रास्त आहे. तुमच्या चारही त्रासांची मुळे वेगवेगळी आहेत आणि सरसकट फिल्टर लावल्यास त्यांतील खरा बिघाड कायमचा झाकला जाईल.

परत आलेला मेल हातात घेतला की आधी एवढेच पाहावे: हा अहवाल लिहिला कोणी? बहुतेकांना वाटते की समोरच्या सर्व्हरने मेल परत पाठवला. प्रत्यक्षात तुमचे ते एकोणतीस अहवाल जवळजवळ निश्चितपणे तुमच्याच पोस्टफिक्सने लिहिलेले आहेत. मेल देताना दोन सर्व्हरांमध्ये जो संवाद होतो, त्यात पाठवणारा सर्व्हर आधी स्वतःची ओळख सांगतो, मग पाकिटावरचा प्रेषक, म्हणजे परतीचा पत्ता, सांगतो, मग एकेक प्राप्तकर्ता सांगतो आणि शेवटी मजकूर देतो. यातील प्रत्येक पायरीवर समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. उत्तर २ ने सुरू झाले तर मान्य, ४ ने सुरू झाले तर आत्ता जमत नाही, पुन्हा या, आणि ५ ने सुरू झाले तर नकार, पुन्हा येऊ नका. प्राप्तकर्त्याचे नाव सांगताच ५५० आले तर मेल अजून तुमच्याच सर्व्हरच्या हातात असतो. समोरच्याने तो घेतलेलाच नसतो, त्यामुळे प्रेषकाला कळवण्याचे काम तुमच्या सर्व्हरवर येते आणि तो अहवाल लिहितो.

याउलट मजकूर संपल्यावर समोरच्याने २५० म्हटले, तर ती पोच झाली, आणि पोच दिली की जबाबदारी आली. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ हा मेलच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला, तेव्हापासून ही व्यवस्था आहे. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही हेच सांगितले आहे: स्वीकारलेला मेल क्षुल्लक कारणाने गहाळ होता कामा नये, सर्व्हर नंतर बंद पडला ही सबबसुद्धा चालत नाही, आणि पुढे तो पोहोचवता आला नाही तर प्रेषकाला कळवलेच पाहिजे. तुमचा सहकारी जे सुचवतो आहे त्यात अडचण इथेच येते. चुकीच्या नावाचे सर्व मेल एका डब्यात घेणे म्हणजे प्रत्येकाला पोच देणे. एखाद्या सभासदाने कर्जविभागाच्या पत्त्यात एक अक्षर चुकवले, तर आज त्याला काही सेकंदांत चूक कळते. उद्या त्याचा अर्ज त्या डब्यात पडून राहील आणि तो उत्तराची वाट पाहत बसेल.

आता अहवाल वाचण्याविषयी. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग माणसांसाठी लिहिलेला, दुसरा यंत्रांसाठी, आणि तिसऱ्यात मूळ मेल किंवा त्याची हेडर, म्हणजे माथ्यावरच्या नोंदी. लोक पहिला भाग वाचून सोडून देतात, पण नेमकी माहिती दुसऱ्या भागात असते. त्यात ‘फायनल-रेसिपियंट’ या ओळीत ज्या पत्त्यावर मेल अडला तो पत्ता असतो, ‘ॲक्शन’मध्ये ‘फेल्ड’ की ‘डिलेड’ हे असते, ‘रिमोट-एमटीए’मध्ये समोरच्या सर्व्हरचे नाव असते आणि ‘डायग्नोस्टिक-कोड’मध्ये त्या सर्व्हरचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले असतात. ‘रिमोट-एमटीए’ ही ओळ असेल तर नकार बाहेरून आला. ती नसेल तर बहुधा तुमचा सर्व्हर कोणापर्यंत पोहोचलाच नाही.

‘स्टेटस’ या ओळीत ५.१.१ असा टिंबांचा आकडा असतो. पहिला अंक नकार कायमचा की तात्पुरता ते सांगतो. दुसरा अंक विषय सांगतो: १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे सभासदाचा डबा, ४ म्हणजे जाळे आणि मार्ग, ७ म्हणजे सुरक्षा आणि धोरण. म्हणून ५.१.१ आले की असे नावच तिथे नाही असे समजावे आणि पत्ता यादीतून काढावा. ५.७ ने सुरू होणारा आकडा आला तर पत्त्याला हात लावू नये, कारण तिथे पत्ता बरोबर असून दोष आपल्याकडे असण्याची शक्यता मोठी असते. मी पाहिलेल्या कार्यालयांत सर्वांत जास्त नुकसान याच गोंधळाने झाले आहे: ५.७ चे अहवाल पाहून चांगले पत्ते खोडले जातात आणि सर्व्हरचा दोष तसाच राहतो.

शाखांच्या यादीबद्दल मला वेगळीच शंका येते. पाचशे जुन्या पत्त्यांतून एकही मेल परत येत नाही, असे माझ्या अनुभवात कधी झालेले नाही. अहवाल नेहमी पाकिटावरच्या प्रेषकाकडे जातो. पत्राच्या माथ्यावर वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी त्याचा काही संबंध नसतो. थंडरबर्ड दोन्ही ठिकाणी तुमचाच पत्ता घालतो. पीएचपीच्या मेल फंक्शनला पाकिटावरचा प्रेषक वेगळा सांगितला नाही, तर तिथे वेब सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते नाव लागते. तुम्ही मेल लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडा, त्या दिवशी प्रणालीतून गेलेला कोणताही एक मेल घ्या, आणि ‘फ्रॉम’ या शब्दापुढे काय आहे ते इथे लिहा.

प्रणाली_पुणे

पोस्टमास्टर सरांनी नकाराचा भाग स्पष्ट केलाच आहे. मी फक्त त्या पाच दिवसांबद्दल लिहिते, कारण सभेच्या नोटिशीला मुदत असते आणि तिथे हा भाग फार जड जातो.

समोरच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारे उत्तर दिले, किंवा कोणी उत्तरच दिले नाही, तर पोस्टफिक्स तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मूळ सेटिंगनुसार दोन प्रयत्नांतील अंतर पाच मिनिटांपासून वाढत जाऊन ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे सहासष्ट मिनिटांपर्यंत जाते. ‘मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम’, म्हणजे रांगेत राहण्याची कमाल मुदत, पाच दिवसांची असते, आणि आरएफसी ५३२१ मध्येही निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये असेच म्हटले आहे. या चिकाटीमुळेच एखाद्या कार्यालयाचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद असला तरी सोमवारी त्यांना सगळे मेल मिळतात. अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी मुद्दाम ४५० किंवा ४५१ देऊन थांबवणारे सर्व्हरही आहेत. खरा मेल सर्व्हर काही मिनिटांनी परत येतो आणि जाहिरातींचा घाईतला प्रोग्राम बहुधा येत नाही, हा त्यामागचा विचार.

तुमचे अकरा मेल मात्र बहुधा अशा तात्पुरत्या कारणाने अडलेले नाहीत. त्यांचे पत्ते @ च्या उजवीकडे अक्षर-अक्षर तपासा. डोमेनच्या नावात दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि तसे डोमेन जगात कुठेच नसले, तर पोस्टफिक्सला डीएनएसमधून, म्हणजे डोमेनांच्या नोंदींतून, लगेच नाही असे उत्तर मिळते आणि मेल त्याच मिनिटाला परत येतो. पण प्रसिद्ध मेल सेवांच्या नावाशी मिळतीजुळती डोमेन कोणीतरी नोंदवून ठेवलेली असतात. मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी एमएक्स नोंद त्यांना नसली तरी साधी आयपी नोंद असते, आणि नियमानुसार तुमचा सर्व्हर त्या आयपीवर मेल देऊन पाहतो. तिथे मेल घेणारे कोणी नसते, जोडणी होत नाही, आणि ती जागा खरोखर कायमची रिकामी आहे हे तुमच्या सर्व्हरला कळण्याचा काही मार्ग नसतो. म्हणून तो पाच दिवस थांबतो. ज्या डोमेनला मेल नकोच आहे त्याने एमएक्स नोंदीत फक्त एक टिंब ठेवावे, अशी सोय २०१५ च्या आरएफसी ७५०५ ने केली आहे. तशी नोंद असेल तर मेल ताबडतोब परत येतो, पण अशी नोंद ठेवण्याचे कष्ट सगळेच मालक घेत नाहीत.

यावर पाच दिवसांचा एक दिवस करावा असे सुचवले जाते. मी तसे करणार नाही. ते सेटिंग त्या पोस्टफिक्समधून जाणाऱ्या प्रत्येक मेलला लागू होते, आणि नोटिशींसाठी कमी केलेली मुदत उद्या एखाद्या महत्त्वाच्या पत्रव्यवहाराला नडेल. त्याऐवजी ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ हे सेटिंग चार तासांवर ठेवा. मुळात ते शून्य म्हणजे बंद असते, आणि म्हणूनच पाच दिवस तुम्हाला कोणी काही सांगितले नाही. ते चालू केल्यावर चार तास रांगेत अडलेल्या मेलबद्दल प्रेषकाला ‘ॲक्शन: डिलेड’ असा अहवाल जातो, मेल रांगेतच राहतो, प्रयत्नही चालू राहतात, आणि तुम्हाला त्या सभासदाला फोन करण्यासाठी चार दिवस हातात मिळतात. तुमच्या सहकाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘डिलेड’ म्हणजे अपयश नव्हे, तो अहवाल पाहून नोटीस पुन्हा पाठवू नये, नाहीतर सभासदाला दोन-दोन प्रती मिळतात.

शाखा_संगणक

पोस्टमास्टर सर, तुमची शंका तंतोतंत खरी निघाली. लॉगमध्ये ‘फ्रॉम’पुढे वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचे नाव आणि @ नंतर सर्व्हरचे पूर्ण यंत्रनाम आहे. संस्थेचा पत्ता कुठेच नाही. मग मी ‘व्हार’ डिरेक्टरीतल्या ‘मेल’मध्ये त्या वापरकर्त्याच्या नावाची फाइल उघडली. त्यात २,३१६ अहवाल पडलेले आहेत. सर्वांत जुना २०२१ मधला आहे, म्हणजे सभासद-प्रणाली सुरू झाली त्याच वर्षीचा. इतकी वर्षे हप्त्याच्या आठवणी आणि ठेवींच्या मुदतीच्या सूचना परत येऊन या फाइलमध्ये साठत होत्या, आणि ती फाइल कोणी कधी उघडली नव्हती.

या नोटिशीचे त्यात ३४७ अहवाल आहेत. ५.१.१ चे अठ्ठावीस, रांगेची मुदत संपलेला एक, आणि उरलेले ३१८ एकाच प्रकारचे: ५५० ५.७.२६. जीमेलच्या पत्त्यांना गेलेले जवळजवळ सगळे मेल यात आहेत. तेच मेल थंडरबर्डमधून गेले तेव्हा जीमेलने विनातक्रार घेतले, मग इथे का अडवले? आमच्या डोमेनला एसपीएफ नोंद (आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) आहे. डीकिम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, अजून लावलेले नाही.

प्रणाली ताई, अकरापैकी नऊ पत्त्यांत डोमेनचे स्पेलिंग चुकलेले आहे. अर्जावरून टंकलेखन करताना आमच्याकडूनच ती चूक झाली. लगेच परत आलेल्या एकोणतिसांतील एक पत्ता मात्र वेगळाच आहे: सभासदाने देवनागरीतला, डॉट भारत डोमेनवरचा पत्ता दिला आहे आणि तो लगेच ५.६.७ ने परत आला. नोटीस तर सगळ्यांनाच मराठीत गेली होती, मग इथेच देवनागरी का अडली?

पोस्टमास्टर_नाशिक

५.७.२६ चे कारणही त्या पाकिटावरच्या प्रेषकातच आहे. एसपीएफ तपासताना समोरचा सर्व्हर पाकिटावरच्या प्रेषकाचे डोमेन पाहतो. थंडरबर्डच्या मेलवर तुमचे मुख्य डोमेन होते, त्याची एसपीएफ नोंद सापडली आणि मेल आत गेला. प्रणालीच्या मेलवर सर्व्हरचे यंत्रनाम होते. ते तुमच्या डोमेनचे उपडोमेन असले तरी एसपीएफ नोंद वरच्या डोमेनकडून खालच्याला वारशाने मिळत नाही. उपडोमेनला स्वतःची नोंद लागते. ती नव्हती, डीकिमची सहीही नव्हती, म्हणजे मेल तुमचा आहे हे सांगणारा एकही पुरावा जीमेलकडे नव्हता. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक मागितले आहे, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही, शिवाय डीमार्क (या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचे काय करावे हे सांगणारे डोमेनचे धोरण).

म्हणून क्रम असा ठेवा. पीएचपीच्या मेल फंक्शनच्या पाचव्या पॅरामीटरमध्ये ‘वजा एफ’ लावून संस्थेचा नोटिशींसाठीचा पत्ता द्या, म्हणजे एसपीएफ जुळेल आणि अहवाल माणसांकडून वाचल्या जाणाऱ्या डब्यात येतील. त्यानंतर डीकिम लावाच. हे दोन्ही झाल्यावर ते ३१८ मेल पुन्हा पाठवा. त्यांतील एकही पत्ता यादीतून काढू नका.

देवनागरी पत्त्याबद्दल: विषय आणि मजकूर मराठीत असला तरी तो सांकेतिक रूपात जातो आणि कोणताही जुना सर्व्हर तो वाहून नेतो. अहवालाच्या तिसऱ्या भागात तुमचा विषय अगम्य अक्षर-आकड्यांच्या माळेसारखा दिसतो तो यामुळेच. तो बिघडलेला नसतो. पण पत्ता पाकिटावर येतो, आणि पाकिटावर देवनागरी लिहायची तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपी-यूटीएफ-८ हा २०१२ चा विस्तार कळावा लागतो. पोस्टफिक्समध्ये तो ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. तुमचा मेल मध्ये एखाद्या जुन्या व्हायरस-गाळणीतून जात असेल तर तिथेच अडला असेल. डायग्नोस्टिक-कोडमध्ये कोणत्या सर्व्हरने विस्तार देऊ केला नाही त्याचे नाव सापडेल. ज्या सभासदाने आपल्या लिपीत पत्ता घेतला आहे त्याला दुसरा पत्ता आणा म्हणून सांगण्यापूर्वी आपली बाजू दुरुस्त करावी, असे मला मनापासून वाटते.

जाळे_आणि_तारा

न पाठवलेल्या मेलच्या अहवालांबद्दल आणि राखीव सर्व्हरबद्दल लिहितो, कारण हे एकाच दोषाचे दोन चेहरे आहेत. एकात तुम्ही सोसणारे आहात आणि दुसऱ्यात तुमच्यामुळे दुसरे कोणी सोसते आहे.

पाकिटावरचा प्रेषक कोणीही काहीही लिहू शकतो. जाहिरातवाला तिथे तुमचा पत्ता लिहून लाखभर मेल सोडतो. ज्या सर्व्हरला दारातच ‘असे नाव इथे नाही’ म्हणता येते तो ५५० देतो, नकार त्या जाहिरातवाल्याच्या प्रोग्रामपाशीच संपतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. पण काही सर्व्हर आधी पोच देतात, आत नेल्यावर नाव शोधतात, ते सापडत नाही, आणि मग नियमाप्रमाणे पाकिटावरच्या प्रेषकाला, म्हणजे तुम्हाला, अहवाल पाठवतात. तुमच्या चौकशीच्या डब्यात रात्री पडणारे अहवाल ते हे.

तुमचा राखीव सर्व्हर नेमके हेच इतरांशी करतो आहे. त्याच्या पोस्टफिक्समध्ये ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’, म्हणजे खऱ्या पत्त्यांच्या यादीचे सेटिंग, रिकामे असणार. तसे असले की तो तुमच्या डोमेनवरचे कोणतेही नाव स्वीकारतो, मुख्य सर्व्हरकडे नेतो, मुख्य सर्व्हर ५५० देतो, आणि आधीच पोच देऊन बसलेल्या राखीव सर्व्हरला कोणातरी निरपराध माणसाला अहवाल पाठवावा लागतो. जाहिरातवाले मुद्दाम राखीव सर्व्हर शोधून तिथे मेल देतात, कारण तिथली तपासणी सैल असते हे त्यांना माहीत असते. उपाय दोन आहेत. सर्व खऱ्या पत्त्यांची यादी राखीव सर्व्हरवर ठेवायची आणि ती रोज मुख्य सर्व्हरवरून आणायची. किंवा ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ लावायचे, म्हणजे तो प्रत्येक नाव आधी मुख्य सर्व्हरला विचारून घेतो. दुसऱ्या उपायात मुख्य सर्व्हर बंद असताना नव्या नावांची खात्री होत नाही, आणि राखीव सर्व्हर तर त्याच वेळेसाठी ठेवलेला असतो, म्हणून मी यादीचा उपाय पसंत करतो. खरे तर तुमच्या आकाराच्या संस्थेला राखीव सर्व्हरची गरजच नाही. तुमचा सर्व्हर दिवसभर बंद राहिला तरी जगातले मेल सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, हे वर ताईंनी लिहिलेच आहे. मी तो काढून टाकीन.

आता तुमच्याकडे येणाऱ्यांचे काय? अहवालाच्या पाकिटावर प्रेषकाची जागा रिकामी असते. हे मुद्दाम असते, कारण अहवालच पोहोचला नाही तर त्यावर पुन्हा अहवाल जाऊ नये आणि दोन सर्व्हर एकमेकांना अखंड मेल पाठवत बसू नयेत. हे लक्षात आल्यावर काही जण रिकाम्या प्रेषकाचे सर्व मेल दारातच नाकारतात. तसे करू नका. समोरच्या सर्व्हरने पोच दिल्यावर नंतर काही बिघडले तर त्याचा खरा अहवालही रिकाम्या प्रेषकानेच येतो, आणि रिकामा प्रेषक न घेणाऱ्या डोमेनचे मेल काही सर्व्हर घेत नाहीत.

त्याऐवजी अहवालाचा तिसरा भाग पाहा. मेल कोणत्या सर्व्हरांतून आला ते सांगणाऱ्या मूळ मेलच्या ‘रिसीव्ह्ड’ हेडरमध्ये तुमच्या सर्व्हरचे नाव आणि आयपी नसेल, तर तो मेल तुमचा नाही. तुमच्या पोस्टफिक्समधून निघालेल्या मेलच्या ‘मेसेज-आयडी’ला आणि रांगेतील क्रमांकाला लॉगमध्ये जोड सापडते, खोट्याला सापडत नाही. फिल्टर लावायचाच असेल तर या खुणेवर लावा, ‘अहवाल’ या प्रकारावर लावू नका. डीकिम नीट चालू लागल्यावर डीमार्कचे धोरणही हळूहळू नकारापर्यंत न्या, म्हणजे तुमच्या नावाचे खोटे मेल अनेक ठिकाणी दारातच अडतील आणि अहवालांची संख्या आपोआप घटेल. ती शून्यावर येणार नाही.

प्रणाली_पुणे

एक भर घालते, कारण यादी साफ करताना ही अडचण हमखास येते. काही सभासदांचे जुने पत्ते नव्या पत्त्याकडे वळवलेले असतात. नवा डबा भरलेला असला तर अहवालात नवा पत्ता येतो, आणि तो तुमच्या यादीत कुठेच नसतो. मग हा कोणत्या सभासदाचा, हे शोधायला कोणाला वेळ नसतो आणि अहवाल बाजूला पडतो.

यासाठी प्रत्येक सभासदाच्या मेलवर पाकिटावरचा प्रेषक वेगळा ठेवा. पोस्टफिक्समधल्या ‘रेसिपियंट_डेलिमिटर’ला, म्हणजे नाव आणि त्यापुढची जोड वेगळी करणाऱ्या खुणेच्या सेटिंगला, अधिकचिन्ह द्या. मग नोटिशींच्या पत्त्याच्या नावानंतर अधिकचिन्ह आणि यादीतील अनुक्रमांक जोडून मेल पाठवला, तरी त्यावरचे सर्व अहवाल त्याच एका डब्यात येतात, आणि अहवाल कोणत्याही सर्व्हरने कोणत्याही भाषेत लिहिलेला असला तरी तो कोणत्या पत्त्यावर आला एवढ्यावरून सभासद ओळखता येतो. तिथे सभासद क्रमांक वा खाते क्रमांक घालू नका, कारण हा पत्ता अनोळखी सर्व्हरांच्या लॉगमध्ये उमटतो. त्या पाठवणीपुरता वेगळा अनुक्रमांक काढा.

भरलेल्या डब्याला कोणी ४५२ देतो, कोणी ५५२. टिंबांच्या आकड्यात दोन्हीकडे शेवटी २.२ असते. ५ दिसला म्हणून असा पत्ता लगेच काढू नये. दोन-तीन निरनिराळ्या पाठवणींत तेच उत्तर आले तर सभासदाला फोन करावा.

आणि २५० आले म्हणजे नोटीस सभासदाने वाचली असे मात्र धरू नका. त्या नोंदीने एवढेच सिद्ध होते की अमुक वेळी समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. पुढे तो स्पॅममध्ये गेला तरी तुम्हाला कळणार नाही. तरीही उद्या सभेबद्दल वाद झाला तर ती नोंद उपयोगी पडते. मेल लॉग काही आठवड्यांनी आपोआप पुसला जातो, म्हणून नोटिशीच्या दिवसांचा लॉग आजच वेगळा काढून ठेवा.

शाखा_संगणक

सर्वांचे आभार. काल संध्याकाळपर्यंत एवढे झाले: प्रणालीतून जाणाऱ्या मेलवर पाकिटावरचा प्रेषक बदलला, डीकिम लावले, आणि राखीव सर्व्हरची एमएक्स नोंद काढून टाकली. स्वतःच्या जीमेल पत्त्यावर चाचणी घेऊन हेडरमध्ये एसपीएफ आणि डीकिम दोन्हींपुढे ‘पास’ दिसल्यावर रात्री ते ३१८ मेल पुन्हा सोडले. सकाळपर्यंत ३१४ मेलना २५० मिळाले, तीन ५.१.१ ने परत आले आणि एक ४५२ घेऊन रांगेत आहे. त्याचा ‘डिलेड’ अहवाल चार तासांनी नोटिशींच्या डब्यात आला.

यादी बिनचूक असल्याचे जे पत्र मी व्यवस्थापकांना दिले होते, ते मागे घेऊन दुरुस्त आकड्यांचे पत्र आज दिले. २०२१ पासूनच्या अहवालांपैकी ठेवींच्या मुदतीच्या सूचना कोणत्या होत्या ते मी वेगळे काढतो आहे. आतापर्यंत एकशे बारा सभासदांची नावे निघाली असून, दोन्ही शाखांतून त्यांना दूरध्वनी करायला आज दुपारपासून सुरुवात झाली आहे.

देवनागरी पत्ता जुन्या गाळणीनेच अडवला होता. त्या एका सभासदाचा मेल सध्या गाळणी वगळून थेट पाठवला आणि तो पोहोचला; गाळणीची नवी आवृत्ती रविवारी बसवणार आहे.